परतीचा नारळ

गोव्यात साखळीला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहिलो, त्या मालकांना अख्खी आळी तोंडावर भाई म्हणायची आणि पाठीमागे पिसो म्हणायची. पिसो म्हणजे वेडा. मी सावंतवाडीकडची. आमच्या ह्यांना खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली म्हणून कडेवर लेक घेऊन गोव्यात आलेली. सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला, तर हा माणूस उंबऱ्यावर हात आडवा लावून उभा. "नारळ खंय?" म्हणे. मला वाटलं, आम्ही भाड्याने राहायला आलोत की लग्न लावायला? शेवटी हे धावत बाजारात गेले, नारळ आणला, भाईंनी तो पायरीवर फोडला, एक भकल माझ्या हातात दिली आणि मग कुठे हसले. "आतां तुमी आयल्यात," म्हणाले. तोवर त्यांच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो. टेम्पोवाला उन्हात उभा राहून शिव्या घालत होता.

भाईंचं असंच असे. कुठलंही काम देवाला सांगून सुरू करायचं, आणि ते संपलं की परतीचा नारळ फोडायचा. नारळ फुटला नाही तर काम संपलं नाही, मग ते डोळ्यांना संपलेलं का दिसेना. एकदा परसात विहीर खणली. पाणी चांगलं कमरेएवढं लागलं, गडी पैसे घेऊन गेलेसुद्धा. पण नारळ द्यायच्या आधीच भाईंना ट्रकच्या पासिंगसाठी पणजीला जावं लागलं आणि तिथे दोन दिवस अडकले. जाताना सांगून गेले, "बांयक कोणे हात लावपाचो ना, ती अजून जावंक ना." बांय म्हणजे विहीर, आणि ती म्हणे अजून झालीच नाही. झालं! पाण्याने भरलेली विहीर समोर, आणि आम्ही बायका कळश्या घेऊन सार्वजनिक नळावर. मी वैनींना म्हटलं, "वैनी, पाणी दिसता मा डोळ्यांक?" वैनी म्हणाल्या, "दिसता गो. पूण तें अजून पाणी न्हय."

वैनी म्हणजे भाईंची बायको. माहेर पेडण्यातलं, मोप्याचं. आज जिथे विमानं उतरतात त्या सड्यावर त्यांच्या बापाची गुरं चरायची. बाई शांत, बोलणं कमी, पण बोलली की नेमका खिळा मारायची. भाईंचे दोन ट्रक खाणीवर चालत, घरात काही कमी नव्हतं. वैनींना छळ असा एकच होता, आणि तो रोज सकाळी अकराला व्हायचा.

पेज! उकड्या तांदळाची, ऊन ऊन, सोबत तोर, म्हणजे मिठातली कैरी, नाहीतर भाजलेला सुका बांगडा. पेज गोव्यात सगळ्याच घरी होते, त्यात काय मोठंसं. पण भाईंना ती अकराच्या ठोक्याला लागे, आणि वैनींच्याच हातची लागे. आदल्या रात्री करून ठेवलेली नको, शेजारणीने आणून दिलेली नको. ट्रकचं कसलंही काम असो, अकराला भाई जीप घेऊन दारात हजर. पाटावर बसायचं, एक घोट घ्यायचा, आणि म्हणायचं, "मीठ उणें." रोज हां! मीठ कमी. मग सगळी वाटी चाटूनपुसून संपवायची. वैनींनी एकदा मुद्दाम मूठभर मीठ जास्त घातलं होतं म्हणे. तरी "मीठ उणें"च.

आता हे ऐकायला गंमत वाटते. पण अकराची पेज म्हणजे साडेनवाला तांदूळ चुलीवर चढले पाहिजेत, आणि उतरेपर्यंत बाईने तिथून हलता कामा नये. म्हणजे सकाळचा घराबाहेरचा सगळा जन्म संपला! लग्नाचे मुहूर्त बहुतेक अकरा-बाराच्या पुढचे. वैनी कुठल्याही लग्नाला गेल्या की वधूच्या कपाळाला हळद लावून, कोपऱ्यात आहेराचं पाकीट देऊन परत. मला एकदा सांगत होत्या, "म्हज्या धाकट्या भयणीच्या लग्नाक अक्षता हातांत घेवन बसची तशीच उठून आयल्यें गो. अक्षता मुठींतच. घरा येवन मूठ सोडली ती तांदळाच्या डब्यांत." आणि हसल्या. मला मेलीला हसू येईना. मी म्हटलं, "आणि तुम्ही तां ऐकून घेतलात?" तर म्हणाल्या, "ते वायट मनीस न्हय गो. तांका समजनाच, पेज जाता कशी ती."

हे मात्र खरं होतं. भाई वाईट नव्हते, पेज होते कशी एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी ओसरीवर आमच्या सगळ्यांदेखत मोठ्या ऐटीत म्हणाले, "सांग गे, कितें जाय तें माग. गळ्यांतलें? कानांतलें?" वैनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चार दीस म्हाका पेजेंतल्यान सोडवात. खंयूय व्हरात."

पेजेतून चार दिवस सुटका, आणि न्याल तिथे! भाईंनी डोक्याची टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "वचूंया. घाटार वचूंया."

डिसेंबरचा महिना, खाणीचा सीझन भरात, रस्त्यावरून लाल धुरळा उडवत ट्रकमागून ट्रक जातायत, आणि हा माणूस चार दिवस गाडी काढून फिरायला निघाला. आळीने पिसो म्हटलं ते उगाच नाही. बेळगाव, कोल्हापूर, पन्हाळा आणि आंबोलीवरून खाली, असा बेत ठरला. जीप हाकायला भाई, बिघडली तर आमचे हे, आणि मी नि लेक अशाच, फुकटच्या. पेजेचं काय, असं ह्यांनी विचारलं तेव्हा भाई म्हणाले, "हांव रांदतां. त्यांत कितें आसा? उदक आनी तांदूळ." वैनींनी फक्त माझ्याकडे बघितलं.

गावच्या वेशीवर देवचाराची जागा होती. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री हातात दांडा घेऊन, पायात व्हाणा घालून गावभर फिरतो म्हणतात. तिथे जीप थांबवून भाईंनी विडी पेटवून ठेवली, जाण्याचा नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखणदारा म्हाराजा! आज जी ही तुझी लेकरां घाटार वचपाक भायर सरल्यांत, तांची वाट सुखाची कर. वाकड्याचें नीट कर. गाडीचो टायर, इंजीन, बिरेक सांबाळ रे म्हाराजा!" आम्ही मागून "होय म्हाराजा!" एवढ्यावर थांबायचं ना! पण माणूस रंगात आलेला. "आनी आमी परत येवन तुका परतीचो नारळ दिसर, ह्या माजे बायलेचो हात पेजेच्या बुडकुल्याक लागलो जाल्यार तो गुन्यांव माजो रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने वैनी ओरडल्या. परतीचा नारळ देईपर्यंत बायकोचा हात पेजेच्या मडक्याला लागला तर गुन्हा माझा, असं बोलून गेला माणूस; चार दिवस म्हणायच्या ऐवजी आपण नारळाचा वायदा केला, हे भाईंच्या ध्यानातही आलं नाही.

पहिल्या दिवशी अनमोडचा घाट चढून गेलो, आणि भाईंनी घड्याळ बघून बरोब्बर अकराला जीप बाजूला घेतली. स्टोव्ह काढला, पातेलं काढलं, तांदूळ धुतले. "पांच मिणटांनी जाता," म्हणाले. अकराची पेज अकराला चढवायची असते, अशी त्या माणसाची पंचवीस वर्षं समजूत! उकडे तांदूळ ते, दगडासारखे. साडेअकरा झाले, बारा झाले. भाई डावाने एकेक दाणा काढून दाताखाली धरतायत, परत टाकतायत. वाऱ्याने स्टोव्ह दोनदा विझला. आमच्या लेकीने रडून रडून बिस्किटाचा पुडा संपवला. मी वैनींच्या कानाशी लागले, "सांगा मगे तेंका, येळ लागता म्हणान." वैनी शालीत हात गुंडाळून दगडावर बसलेल्या. म्हणाल्या, "सांगपाचें कित्याक? शिकतात."

एक वाजता पेज झाली. भाईंनी घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. मीठ घालायचंच विसरले होते. पण आता कुणाला सांगणार? गुपचूप सगळी प्याले.

बेळगावला भाई शहाणे झाले, नऊलाच लॉजच्या खोलीत स्टोव्ह पेटवला. आणि समोर पेपर धरून बसले. बसले ते तिथेच डोळा लागला. जळका वास जिन्यापर्यंत गेला. मॅनेजर दार बडवत आला, "ओ सायेब, काय करुलायसा खोलीत? लॉज पेटिवतासा काय माझं?" भाई दारात उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "पेज." मॅनेजरला ते काय कळेना. त्याने आम्हाला सामानासकट खाली काढलं. भाई काळं पातेलं हातात धरून बेळगावच्या भर बाजारातून चालले होते, आणि मागून वैनी, डोक्यावरून पदर, तोंडात पदराचा बोळा. खांदे हलत होते नुसते. वैनींना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

कोल्हापूरला रंकाळ्याच्या काठावर तिसरा प्रयोग. येणाराजाणारा थांबून बघायचा. एक फेटेवाले म्हातारे जवळ आले, पातेल्यात डोकावले, हळहळले. "काय पाव्हणं, कोण आजारी हाय?" म्हणाले. भाई म्हणाले, "कोण ना." "मग ह्ये कशाला? कोल्हापुरात येऊन पेज? चला घरला, तांबडा रस्सा घालतो." आमच्या ह्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. भाईंना मात्र राग आला. "पेज दुयेंतकारां खातीर न्हय," दुखणाईतांसाठी नाही, असं त्या बिचाऱ्याला ठणकावलं. म्हातारा "बरं बाबा" म्हणून गेला. त्या दिवशीची पेज बरी झाली होती, पण मीठ इतकं, की लेकीने थुंकूनच टाकली. वैनी शांतपणे सगळी प्याल्या. भाईंनी विचारलं, "कशी जाल्या?" वैनी म्हणाल्या, "बरी आसा." भाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! मला वाटलं, बाई, पंचवीस वर्षांत ह्या दोन शब्दांनी तुझं काय गेलं असतं रे माणसा?

पन्हाळ्याची थंडी मी सांगत बसत नाही. आजऱ्यावरून शेवटच्या दिवशी आंबोलीला आलो, तिथे खरी कसोटी झाली. धुकं असं की जीपचं नाक दिसेना. भाई घाटमाथ्यावर स्टोव्ह मांडून बसले, आणि स्टोव्हची पिन सापडेना. बर्नर चोंदलेला. पंप मारतायत, फुंकतायत, केसातली पिन मागून घेतली ती वाकली. हात थंडीने आखडलेले. साडेदहा वाजून गेले. शेवटी त्या माणसाने डाव खाली ठेवला आणि वैनींकडे बघून, अगदी लहान आवाजात म्हटलं, "गे, तूं एकदां पळय मगे." पळय म्हणजे बघ.

वैनी उठल्या. पदर खोचला. झालं, म्हटलं, साडेतीन दिवसांवर पाणी पडलं. घरी गेल्यावर पुन्हा तेच साडेनऊ आणि तेच अकरा, पण निदान हा शेवटचा दिवस तरी बाईला पुरा मिळायला हवा होता. वैनी चालत स्टोव्हपर्यंत आल्या. थांबल्या. आणि आमच्या लेकीचा हात धरून स्टोव्हच्या बाजूने सरळ पुढे कठड्यापाशी गेल्या. "हांव दोंगर पळयतां," म्हणाल्या. दिसत काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. तरी बाई कठड्याला रेलून पळयत राहिली. भाईंनी तांदळावर झाकण ठेवलं. मग उठून खालच्या चहाच्या टपरीवर गेले आणि तिथल्या बाईकडून पिन मागून आणली. त्या दिवशी पेज सव्वाबाराला झाली आणि भाई तिच्यापुढे हात जोडून बसले होते.

उतरून बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरलो. धारगळला भाईंनी वेग कमी केला, मोप्याला माहेरी डोकावायचं का म्हणून विचारलं. वैनी म्हणाल्या, "नाका. थंय गेल्यार हांव रांदचे कुडींतच वतलें." एवढंच. म्हणजे माहेरी गेलं तरी सैपाकघरच. भाईंनी जीप थेट साखळीपर्यंत हाकली.

वेशीवर देवचारापाशी जीप थांबली. आम्ही उतरलो. भाई परतीचा नारळ हातात घेऊन, टोपी काढून उभे. वैनी तेवढ्यात शाल घडी करायला लागल्या होत्या. बांगड्या मागे सारल्या, कमरेला पदर खोचला, माझ्याशी बोलता बोलता, "फाल्यां तांदूळ भिजत घालपाक जाय, डब्यांत उरले आसात काय ना देव जाणा." उद्याच्या तांदळाची काळजी बाईला आत्ताच लागली, आणि आपण काय करतोय ते माहीतसुद्धा नव्हतं. भाई ते बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी नारळ परत जीपच्या सीटखाली सारला.

"चला," म्हणाले.

आमचे हे म्हणाले, "भाई, नारळ?"

"फाल्यां."

दुसऱ्या दिवशी साडेनवाला भिंतीपलीकडून स्टोव्हचा भर्र आवाज आला. मी डोकावले. भाई पातेल्यापुढे बसलेले, आणि वैनी दारात, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारख्या उभ्या. "प्रवास सोपूंक ना," भाई पातेल्याकडे बघतच म्हणाले. "देवचाराक उतर दिलां. नारळ फुटल्याबगर तुजो हात लागल्यार गुन्यांव माजेर." देवाला शब्द दिलेला, आणि नारळ फुटला नाही म्हणजे प्रवास संपलेलाच नव्हता!

नारळ जीपमधून देवघराच्या फळीवर आला आणि तिथेच राहिला. कुणी आठवण केली की भाई म्हणत, "फाल्यां." वर्षं गेली. आमची लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली. नारळ आत सुकून गोटा झाला, हलवला की खुळखुळ वाजायचा. रात्रीचं हुमण-शीत, म्हणजे आमटी-भात, वैनी करत, पण सकाळची पेज भाईंची. आळीतल्या बायकांनी आधी तोंडाला पदर लावला, मग आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायला सुरुवात केली. आणि वैनी? वैनी लग्नाला जायला लागल्या! पानाच्या विड्यापर्यंत थांबत. पहिल्यांदा अक्षता टाकल्या तेव्हा माझ्याच शेजारी उभ्या होत्या. "सावधान" झालं, सगळ्यांनी टाकल्या, आणि ही बाई मूठ मिटूनच उभी. मी कोपर मारलं, "टाका मगे!" तेव्हा टाकल्या. डोळे भरलेले. कुणी भेटलं नि विचारलं, "वैनी, आज पेज ना?" तर म्हणायच्या, "आमी प्रवासांत आसांत."

मग भाईंना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा अंगात काही राहिलं नव्हतं. तरी सकाळी भिंतीला धरत धरत स्टोव्हकडे निघाले आणि वाटेतच खाली बसले. आम्ही दोघांनी उचलून खाटेवर आणलं. खाऊ तर काही शकत नव्हते, पेजच काय ती चालणार होती. मी म्हटलं, "वैनी, मी करतंय." वैनींनी मान हलवली. फळीवरचा नारळ काढला, मला म्हणाल्या, "चल."

वेशीवर देवचारापुढे बाई एकटी उभी राहिली. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, बायकांनी मागे उभं राहायचं, अशी रीत. वैनींनी पदर सारखा केला. "बा देवा म्हाराजा," म्हणाल्या, आवाज कापत होता. "ज्या मनशाक पेज रांदूंक येना, ताणे इतलीं वर्सां म्हाका पेज घाली. कधीं करपली, कधीं खारट. ती खावन हांव सुखी आसां. आतां तो मनीस थकला. तुजो नारळ तुका पावलो, प्रवास सोपलो. ताचेर गुन्यांव नाका, आनी ताका म्हज्या हातची पेज जिरोव रे म्हाराजा!" मी एकटीच होते मागे. मला "होय म्हाराजा" म्हणवेना. नारळ फुटला, आत चिमूटभर काळपट खोबरं.

पेज झाली. भाईंनी बघितलं कुणी केली ते. "नारळ?" विचारलं. "फोडलो," वैनी म्हणाल्या. वैनींनी चमचा तोंडाशी नेला. भाईंनी घोट घेतला, डोळे मिटले. "मीठ बरें आसा," म्हणाले.

वैनींच्या हातातून चमचा पडला. धावत बाहेर आल्या, माझा दंड धरला. "गो, डॉक्टराक आपय! बेगीन आपय! मीठ बरें आसा म्हणतात!"

डॉक्टर आले, तपासून गेले, काही नाही म्हणाले. वैनींचा विश्वास बसेना. चार-पाच दिवस बाई जिवात जीव नसल्यासारखी वावरली. मग एका सकाळी आतून तो जुना करकरीत आवाज आला, "मीठ उणें!" आणि वैनी माझ्या ओसरीवर येऊन जी बसली ती हसतेय नि डोळे पुसतेय.

भाईंना नीट उभं राहता येऊ लागलं त्या दिवशी त्यांनी आमच्या ह्यांना हाक मारली. जीप काढायला लावली. तीही भाईंसारखीच झालेली, धक्का मारून चालू केली. वैनींना बसवलं, मला बसवलं, दोन नवे नारळ घेतले. वेशीवर गाऱ्हाणं घातलं, टायर-इंजीन-ब्रेकसकट, पेजेच्या बुडकुल्यासकट. एक नारळ दिला. मग जीप पुलापर्यंत नेली, आणि म्हणाले, "वळय." वळवली. आम्ही दहा मिनिटांत घरी.

"ह्यो प्रवास, भाई?" हे म्हणाले.

"प्रवास कितलो व्हड, तें देवचार विचारना," भाई म्हणाले, आणि दुसरा नारळ फळीवर ठेवून दिला. तो नारळ मग भाई असेपर्यंत कुणी फोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास वैनी नवी साडी नेसून, केसात अबोली माळून दारात. डिचोलीला कुणाचं तरी लग्न होतं. मी म्हटलं, "वैनी, भाई आत्ताच खाटेवरून उठले, आणि तुम्ही चाललात?"

"आमी प्रवासांत आसांत मगे," म्हणाल्या.

तेवढ्यात आतून, स्टोव्हच्या आवाजावर आवाज चढवून, भाईंनी विचारलं, "गे, मीठ कितलें घालूं?"

वैनी रिक्षात बसता बसता थांबल्या. मागे वळून बघितलं.

"उणें घालात!" म्हणाल्या, आणि गेल्या.